उष्णतेची सवय कुणाच्या बाजूने साक्ष देते?

भोसरीतल्या एखाद्या फोर्जिंग शॉपमध्ये किंवा चाकणच्या फौंड्रीत उष्णतेचा विषय काढला, की सुपरवायझरपासून मालकापर्यंत सगळे एकच उत्तर देतात: नव्या पोराला आठ दिवस जड जातं, मग सवय होते. अलीकडे या उत्तराच्या पाठीशी विज्ञानही उभं केलं जातं. शरीरात ‘हीट शॉक प्रोटीन’ नावाची प्रथिनं असतात, थोड्या तापाने ती वाढतात, पेशी काटक होतात. फिनलंडची माणसं तर पैसे मोजून सौनात बसतात. मग भट्टीपुढे उभं राहणाऱ्याची एवढी काळजी कशाला?

या युक्तिवादातली शास्त्रीय माहिती बरीचशी खरी आहे आणि निष्कर्ष साफ चुकीचा आहे. ज्या संशोधनाचा आधार घेतला जातो ते शेवटपर्यंत वाचलं, तर ते कामगाराच्या बाजूने बोलतं. हे दाखवायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा.

१९६२ साली फेरूच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने फळमाशीच्या अळ्यांच्या गुणसूत्रांवर काही ठिकाणी अचानक फुगवटे आलेले पाहिले. अळ्या ठेवलेल्या पेटीचं तापमान कुणीतरी वाढवून ठेवलं होतं. ठरावीक जनुकं उष्णतेने तत्काळ कामाला लागली होती. त्या जनुकांपासून कोणती प्रथिनं बनतात, हे १९७४ मध्ये आल्फ्रेड तिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढे कळलं, की ही यंत्रणा जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ सर्वत्र आहे. बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष लखोटिया यांनी माशीच्या अशाच एका जनुकावर अनेक दशकं काम केलं, त्यामुळे हा विषय आपल्या देशाला परका नाही.

पेशीतलं प्रत्येक प्रथिन विशिष्ट घडीत असेल तरच काम करतं. तापमान वाढलं की घड्या उलगडतात आणि उलगडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. एचएसपी ७०, एचएसपी ९० ही हीट शॉक प्रोटीनं अशा उलगडलेल्या प्रथिनांना धरून ठेवतात, पुन्हा घडीत आणतात. जी सुधारण्यापलीकडे गेली, ती मोडीत काढायला मदत करतात. एकदा सौम्य ताप सोसलेली पेशी पुढचे काही तास, काही दिवस अधिक ताप सोसते. हेही प्रयोगांनी सिद्ध आहे.

संपूर्ण शरीराचंही असंच. उष्ण जागी रोज काम केलं की एक ते दोन आठवड्यांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर आणि जास्त येतो, घामातून मीठ कमी जातं, त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. सवय होते, यात वाद नाही. वाद आहे तो इथून पुढे.

पहिलं खंडन मात्रेचं. भारतीय वंशाचे सुरेश रत्तन यांनी डेन्मार्कमध्ये केलेला प्रयोग या चर्चेत फार उद्धृत होतो. माणसाच्या त्वचेच्या पेशींना त्यांनी वारंवार सौम्य उष्णता दिली आणि त्यांचं म्हातारपण लांबलेलं दिसलं. पण उष्णता दिली किती? ४१ अंश सेल्सिअस, एक तास, आठवड्यातून दोनदा. उरलेला सगळा आठवडा पेशी ३७ अंशांवर निवांत होत्या. फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा जो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वारंवार सौना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे अकस्मात मृत्यू कमी आढळले. त्यातही १९ मिनिटांहून जास्त बसणारे हे सर्वांत जास्त वेळ बसणारा गट म्हणून मोजले गेले. सौनात माणूस उघड्या अंगाने स्वस्थ बसतो, नको वाटलं की उठून बाहेर येतो आणि पाणी पितो.

आता हॅमरपुढे उभा असलेला कामगार पाहा. भट्टीतून निघालेला पोलादाचा तुकडा सुमारे १,२०० अंशांचा. तो चिमट्यात धरून डायवर ठेवायचा, घाव पडेपर्यंत सांभाळायचा, उलटायचा, पुढे द्यायचा आणि पुढचा तुकडा उचलायचा. अंगात जाड कपडे, एप्रन, हातमोजे, पायात सेफ्टी शूज, गळ्यात ओला गमछा. आठ तासांची शिफ्ट, अनेकदा वर ओव्हरटाइम. मागे मॅनकूलर घोंघावत असतो. तो घाम वाळवतो, पण तापलेल्या लोखंडातून आणि भट्टीच्या तोंडातून थेट अंगावर येणारा ताप वाऱ्याने अडत नाही. त्याला मध्ये पत्र्याचा आडोसाच लागतो. शिवाय उष्णता बाहेरूनच येते असं नाही. राबणारे स्नायू स्वतःही ती सतत तयार करत असतात. सौनातल्या वीस मिनिटांचा पुरावा या आठ तासांना लावणं म्हणजे औषधाच्या गोळीचा गुण सांगून अख्खी बाटली पाजणं.

दुसरं खंडन विश्रांतीचं. ही प्रथिनं बनवायला पेशीला ऊर्जा लागते, वेळ लागतो. ताप आला की पेशी आपलं बहुतेक नेहमीचं प्रथिन-उत्पादन आवरते आणि ही खास प्रथिनं बनवते. त्यांचं प्रमाण पुरेसं वाढायला काही तास जातात. म्हणून सौम्य ताणाचा फायदा ताण आणि उसंत या जोडीतून मिळतो. उसंत काढून घेतली की उरतो तो नुसता ताण.

आपल्या पट्ट्यात ही उसंत कुठे आहे? नाईट शिफ्ट संपवून सकाळी खराबवाडी, महाळुंगे किंवा निघोज्याच्या खोलीवर परतणारा हेल्पर झोपतो दिवसा. वर सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा, एका खोलीत पाच-सहा जण, दार उघडं ठेवावं तर उजेड आणि ट्रकचा आवाज, बंद करावं तर वारा नाही. एप्रिल-मेच्या दुपारी त्या पत्र्याखाली शरीर थंड होतच नाही. ज्या वेळात पेशींनी डागडुजी करायची, त्याच वेळात ताप चालू राहतो. तो संध्याकाळी पुन्हा गेटवर पंच करतो तेव्हा कालचा हिशेब मिटलेला नसतो.

तिसरं खंडन सर्वांत महत्त्वाचं. हीट शॉक प्रोटीन पेशीला सांभाळतात, शरीराला थंड करत नाहीत. थंड करायचं काम त्वचेकडे वळलेल्या रक्ताचं आणि घामाचं आहे. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ठिबकून जमिनीवर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून जूनमध्ये, वळवानंतर हवा दमट झाली की सरावलेल्या कामगाराचाही उकाड्याने जीव कासावीस होतो. घाम भरपूर येतो आणि उपयोगाला येत नाही. त्वचेकडे रक्त वळवण्यासाठी शरीर आतड्यांचं रक्त तोडतं. तापमान फार चढलं की आतड्याचं अस्तर सैल होतं आणि जिवाणूंचे विषारी अंश रक्तात उतरतात. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला, की तो उष्माघात. तिथे एचएसपी ७० च्या भरवशावर राहता येत नाही, अंगावर गार पाणी ओतून तातडीने ताप उतरवावा लागतो.

याच मुद्द्यातून एक फार घातक समज निघतो: सवय झालेल्याला पाणी कमी लागतं. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. सरावलेला माणूस जास्त घामतो, अवघड कामात तासाला लिटरभराहूनही जास्त, म्हणून त्याला पाणी जास्त लागतं. तहान हा हिशेब पुरा सांगत नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस दर १५ ते २० मिनिटांनी एक कप पाण्याची आहे. लाइन थांबेल म्हणून किंवा स्वच्छतागृह लांब आहे म्हणून पाणी टाळणारे कामगार आपल्याकडे किती आहेत, हे कुठल्याही शॉपमध्ये विचारावं. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांमध्ये तरुण वयात मूत्रपिंडं निकामी होण्याची साथच दिसली. तिच्या कारणांमध्ये उष्णतेतले कष्ट आणि वारंवार होणारी पाण्याची तूट यांच्याकडे संशोधक प्रामुख्याने बोट दाखवतात. ती माणसं उन्हाला सरावलेलीच होती.

सवय मोजताही येते. कामाच्या जागेचा ताप मोजायला ‘डब्ल्यूबीजीटी’ हा निर्देशांक वापरतात. साध्या थर्मामीटरच्या जोडीला एकावर ओलं कापड असतं आणि एक काळ्या पोकळ गोळ्यात बसवलेला असतो. ओलं कापड दमटपणा सांगतं, काळा गोळा भट्टीचा थेट ताप सांगतो. आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकात मध्यम कष्टाच्या कामासाठी सरावलेल्याची मर्यादा २८ अंश आहे, न सरावलेल्याची २६. जड कामाला २६ आणि २३. म्हणजे ज्या सवयीच्या जोरावर आपण सगळं सोडून देतो, तिची सगळी किंमत दोन ते तीन अंश! ‘सवय होते’ म्हणणाऱ्याने एवढंच सांगावं, की त्याच्या शॉपमध्ये मे महिन्यात दुपारी दोन वाजता हा आकडा किती असतो. आकडा नसेल, तर ते म्हणणं निराधार आहे.

चौथं खंडन: सवय माणसाला होते, कारखान्याला नाही. आणि ती टिकतही नाही. आठवडाभर कामापासून दूर राहिलं की ओसरू लागते, महिन्याभरात बहुतेक जाते. कायम कामगार वीस वर्षं त्याच मशीनवर असायचा, त्या काळात ‘सवय’ या शब्दाला थोडा तरी आधार होता. आज भट्टीजवळचं काम बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांकडे आहे. २४० दिवस भरून कायमपणाचा हक्क सांगता येऊ नये म्हणून त्याआधी मिळणारा ‘ब्रेक’ चाकणच्या प्रत्येक हेल्परला तोंडपाठ असतो. ब्रेक संपला की तो दुसऱ्या गेटवर, दुसऱ्या कामावर. लग्नसराईला बीड-लातूरला किंवा बिहारला गेलेला महिन्याने परततो. गावी ऊन होतं, पण भट्टी नव्हती. मनुष्यबळाची ही उलाढाल नेमकी सवय मोडणारी आहे. रोज कुणाचा तरी पहिला दिवस असतो, आणि उष्णतेत पहिला दिवसच सर्वांत धोक्याचा. अमेरिकेच्या नोंदींनुसार उघड्यावरच्या कामात उष्णतेने झालेले निम्म्याहून जास्त मृत्यू पहिल्या काही दिवसांतले आहेत.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आमच्या वडिलांनी तीस वर्षं भट्टीवर काढली, त्यांना काय झालं? ज्यांना सोसलं तेच तीस वर्षं टिकले. ज्यांना चक्कर आली, ज्यांची छाती धडधडली, ते महिन्याभरात काम सोडून गेले आणि मोजणीतून निसटले. टिकलेल्यांकडे पाहून काम निर्धोक ठरवलं तर जगातलं कुठलंही काम निर्धोक ठरेल. ‘आपली माणसं उन्हातान्हात वाढलेली’ हा दिलासाही असाच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उन्हात बसलेल्या जनसमुदायातले १४ जण दगावले. तेही याच मातीतले होते.

दुसरा आक्षेप खर्चाचा: नव्या माणसाला हळूहळू कामाला लावायचं वेळापत्रक पाळायचं तर उत्पादन बुडेल. याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींनी दिलं आहे. तिथे १९२० च्या दशकात खोल खाणीत उष्माघाताने माणसं मरू लागली. १९३० च्या दशकात आल्डो ड्रेओस्टी या डॉक्टरांनी नवागतांची उष्णतेत चाचणी घेऊन त्यांना टप्प्याटप्प्याने सरावून घेण्याची पद्धत घातली. कामगाराचा कळवळा म्हणून कुणी त्या खाणींचं नाव घेणार नाही. त्यांनीही जे परवडतं म्हणून केलं, ते शंभरेक वर्षांनंतर पुण्याच्या दारातल्या उद्योगपट्ट्याला परवडत नाही, हे मान्य करता येणार नाही.

मंडन साधं आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी भट्टीचं काम शिफ्टच्या २० टक्के वेळ, मग रोज जास्तीत जास्त २० टक्क्यांची वाढ. सुट्टीवरून परतलेल्या अनुभवी माणसाला पहिल्या दिवशी ५० टक्के, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. ही ‘नायॉश’ची शिफारस आहे. तिला हजेरीपटाशेजारी एक रकाना लागतो, यंत्रसामग्री लागत नाही. भट्टीच्या तोंडाशी चकचकीत ॲल्युमिनियमचा आडोसा, दर तासाला गार जागेत ठरलेली विश्रांती, हाताशी पाणी, नव्या माणसाला जोडीदार. आणि प्रत्येक शॉपमध्ये भिंतीवर लिहिलेला त्या दिवसाचा डब्ल्यूबीजीटी. कामाच्या खोलीत आरोग्याला अपाय होणार नाही असं तापमान राखण्याचं बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १३ नेच घातलं. अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पिण्याचं पाणी हेही त्याच कायद्याने सांगितलं. ही मागणी नवी नाही, थकलेली आहे.

शरीर जुळवून घेतं. पण ते अटी घालून जुळवून घेतं: ताण हळूहळू वाढावा, मध्ये उसंत मिळावी, पाणी मिळावं, खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हावी. रितोसापासूनचं सारं संशोधन या अटींचंच आहे. अटी गाळून नुसता निष्कर्ष वापरणाऱ्याला विज्ञानाचं नाव घ्यायचा अधिकार नाही. पोरांना सवय होते, असं ज्याला ठामपणे म्हणायचं आहे, त्याने आधी आपल्या कारखान्यातलं पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक दाखवावं.