महिषासुर (चित्र)

महिषासुर : भारतीय चित्रकार तैयब मेहता (२६ जुलै १९२५–२ जुलै २००९) यांचे कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंगांत रंगविलेले प्रसिद्ध चित्र (१९९७). हिंसेचा प्रत्यक्ष अनुभव व पुराणकथेचा आशय या चित्रात एकरूप झाले आहेत.

मेहतांचा जन्म गुजरातमधील कपडवंज येथे झाला. बालपण मुंबईत गेले. काही काळ चित्रपट-संकलनाचे काम केल्यावर त्यांनी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतून पदविका घेतली (१९५२). ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप’शी त्यांचा निकटचा संबंध होता. १९४७ मधील दंगलीत मुंबईच्या महंमद अली रस्त्यावर जमावाने एका तरुणास ठेचून मारल्याचे दृश्य त्यांनी खिडकीतून पाहिले. या दृश्याचा त्यांच्या मनावर कायमचा परिणाम झाला. जखडलेला बैल, कोसळणारी मानवाकृती व रिक्षावाला या त्यांच्या वारंवार येणाऱ्या प्रतिमांमागे असहाय देहाची हीच जाणीव आढळते. कूडल (१९७०) या त्यांच्या लघुपटातही बांद्र्याच्या कत्तलखान्यातील दृश्ये आहेत.

आरंभीची त्यांची शैली जाड रंगलेपाची होती. लंडनमधील वास्तव्यानंतर (१९५९–६४) ते १९६८ मध्ये रॉकफेलर अधिछात्रवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. तेथे बार्नेट न्यूमन यांच्या चित्रांतील सपाट रंगक्षेत्रांनी ते प्रभावित झाले. पुढे चित्रावकाश छेदणारी तिरपी रेषा व सलग रंगांची क्षेत्रे ही त्यांच्या शैलीची ओळख ठरली. पाण्यात मिसळणारे व लवकर वाळणारे ॲक्रिलिक रंग या शैलीस अनुकूल होते. कुंचल्याच्या खुणा न ठेवता त्यांत एकसारखा थर देता येतो. त्यामुळे भावनेचा सारा भार बाह्यरेषेवर व आकृतींच्या मोडणीवर येतो.

शांतिनिकेतनमधील वास्तव्यानंतर (१९८४–८५) काली, महिषासुर यांसारखे विषय त्यांच्या चित्रांत आले. वेरूळच्या कैलास लेण्यातील शिल्पपटात किंवा तुळजापूरच्या भवानीच्या मूर्तीत महिषासुरमर्दिनीचे रूप विजयी देवीचे आहे. मेहतांच्या चित्रात मात्र देवी व असुर यांचे अवयव परस्परांत गुंतलेले असून, झुंज कोठे संपते व आलिंगन कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण जाते. मारणारा व मरणारा यांतील सीमारेषा येथे पुसट होते. पन्नास वर्षांपूर्वी पाहिलेल्या हिंसेचे चित्रण करताना त्यांनी सूडाची वा निषेधाची भाषा वापरली नाही. असुरालाही त्यांनी करुणेचा वाटा दिला.

सप्टेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्क येथील क्रिस्तीजच्या लिलावात हे चित्र सु. १५·८ लाख डॉलरना विकले गेले. समकालीन भारतीय चित्राने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती. या विक्रमामुळे भारतीय चित्रकलेकडे जगाचे लक्ष वेधले गेले. तथापि चित्राचे खरे महत्त्व त्यातील संयत वेदनेत आहे. मेहता यांना कालिदास सन्मान (१९८८) व पद्मभूषण (२००७) हे बहुमान लाभले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.