सात, बारा आणि मिरचीची रोपं

आज फवारणी-खताचं काही नाही. काल पावसानं उघडीप दिली, म्हणून मी न सौ. बाहेरची कामं उरकायला निघालो. त्यातून निघालेली गोष्ट आहे.

धारा काढून, दूध घालून गाडी काढली. दळण गिरणीत टाकलं, मोटरचा स्टार्टर दुरुस्तीला दिला, नर्सरीतून मिरची-वांग्याची रोपं घेतली. मग मुख्य काम. सौ.चं नाव सातबाऱ्यावर लावायचा अर्ज द्यायचा होता. मागच्या साली भावकीतला एक जण अचानक गेला. वारस नोंद होईपर्यंत त्याच्या बायकोला पीककर्ज मिळेना, खतासाठी तिनं डोरलं मोडलं. तेव्हापासून मनात होतं.

साहेब मिटिंगला. लिंबाखाली बसलो. सौ. म्हणाली, "अहो, सात आणि बाराच का? आठ, नऊ, दहा कुठं गेलं?"

ते पण आहेत की! गावच्या दप्तरात प्रत्येक नमुन्याला नंबर आहे. सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे जमीन कुणाची, आठ-अ म्हणजे खातं, बारा म्हणजे पीक. सात न बारा एका कागदावर आले, म्हणून सातबारा.

ह्या सगळ्याचं मूळ आपल्या इंदापूर तालुक्यात आहे. प्रिंगल साहेबानं आधी केलेली आकारणी इतकी जड झाली, की लोकं रानं टाकून गेली. मग १८३६ ला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इथं नव्यानं मोजणी-प्रतवारी केली, सारा उतरवला, तो ३० वर्षांसाठी ठरवून दिला. प्रत आण्यात काढायची, मातीची खोली न रंग बघून. चांगली काळी खोल जमीन १६ आणे. आज आपण मातीचा नमुना लॅबला देतो, त्यांनी कुदळीनं खड्डा घेऊन बघितलं. फार चुकलं नाही त्यांचं. पुढं १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंद आली.

न मग १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कसंल त्याची जमीन. त्या वेळी कागदावर कूळ म्हणून कुणाचं नाव, ह्यावर घराणी उभी राहिली किंवा बसली. कायद्यात 'स्वतः कसणे' यात घरच्या माणसांचे कष्टही धरले होते. म्हणजे बायकांची खुरपणी मोजली, नाव मात्र बहुतेक गड्याचंच लागलं.

सौ. म्हणाली, "मोजली तरी, हेच लई झालं." मला हसू आलं नाही.

१९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर रान करायचं. खूप गावांत झालं. आमच्या घरात नाही झालं, हे खरं सांगतो.

दोन तासांनी अर्ज घेतला. आता नोटीस, हरकतीचे १५ दिवस, मग मंडळ अधिकारी. तुम्ही कुणी करणार असाल तर एवढं बघा, नाव भोगवटादार म्हणून लागतंय का इतर हक्कात. दोन्हीत लई फरक आहे.

घरी आलो तर ऊन कललेलं. परसात शेणखत टाकून सरी ओढली. मी म्हणालो दीड फुटावर लावू, जास्त बसतील. ती म्हणाली दोन. दोनवरच लावली.