कॅलिबर

बंदुकीच्या नळीच्या आतल्या व्यासाला आपण कॅलिबर म्हणतो. हा शब्द इंग्रजीने फ्रेंचकडून घेतला, पण त्याचे मूळ अरबी. अरबीत ‘कालिब’ म्हणजे ओतकामाचा साचा. बहुतेक भाषाभ्यासकांच्या मते तो त्याही मागे ग्रीकपर्यंत जातो. तिथे ‘कालापूस’ म्हणजे लाकडाचे पाऊल, अर्थात जोडे शिवणाऱ्याचा फर्मा.

फर्म्यावरून जोड्याचे माप ठरते. रायफलीच्या कॅलिबरवरून मात्र गोळीची ताकद ठरत नाही. एके-२०३ आणि सिग ७१६ या आपल्या सैन्यातल्या दोन्ही रायफली ७.६२ मिलिमीटरच्या. पण पहिलीच्या काडतुसाची पुंगळी ३९ मिलिमीटर लांबीची, दुसरीच्या ५१. लांब पुंगळीत दारू जास्त मावते, म्हणून गोळी अधिक वेगाने सुटते आणि अधिक दूर मारा करते. एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही.

सैन्याची आणखी एक रायफल, इन्सास, ५.५६ मिलिमीटरची. तिचे काडतूस साधारण १२ ग्रॅमचे, सिगचे जवळपास दुप्पट. डोंगर चढणाऱ्या जवानाच्या पाठीवर हा फरक किलोंत मोजला जातो, आणि निवडीच्या चर्चेत मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. स्नायपरचे गणित निराळे. त्याला गोळ्या थोड्या लागतात, पण वाऱ्याने सहज न ढळणाऱ्या. म्हणून .३३८ लापुआ मॅग्नम हे काडतूस: सुमारे १६ ग्रॅमची लांबट, निमुळती गोळी, जी हजार मीटरपलीकडेही वेग टिकवून धरते.