दुभाष्याची दुरुस्ती



मोबाइलवर गटाचा हिशोब ठेवण्याबद्दल आपण मागे बोललो होतो. त्यानंतर एका गटाच्या सचिव ताईंचा फोन आला. जरा वैतागूनच म्हणाल्या, "बाई, हे ॲप सारखं अपडेट मागतं. दुरुस्ती केली, सुधारणा केली असं लिहून येतं. करणाऱ्याला एकदाच नीट करून देता येत नाही का? आमची वहीत एक बेरीज चुकली तर सगळ्या बैठकीत ऐकून घ्यावं लागतं."

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायला गेलं तर सत्तर-ऐंशी वर्षं मागं जावं लागतं, आणि तेही ॲपच्या एक पायरी खाली, कंपायलर नावाच्या दुभाष्यापर्यंत.

संगणकाला आपली भाषा कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. आपण लिहिलं, "शिल्लक म्हणजे जमा वजा खर्च," तर त्याला असं सांगावं लागतं: सत्तावीस नंबरच्या खणातला आकडा आण, त्यातून एकतीस नंबरच्या खणातला वजा कर, उत्तर चाळीस नंबरच्या खणात ठेव. आणि हे सगळं पुन्हा आकड्यांतच. माणसाला वाचता येईल असं लिहिलेलं घेऊन त्याचे हे यंत्राचे आकडे करून देणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. तुमच्या फोनमधलं प्रत्येक ॲप अशा कुठल्या तरी दुभाष्याच्या हातून गेलेलं आहे. ॲप चुकलं तर एक ॲप चुकतं. दुभाष्या चुकला तर त्याच्या हातून जाणारं कुठलंही ॲप चुकू शकतं, आणि लिहिणारीचा दोष नसताना तिचा हिशोब बिघडतो.

हा दुभाष्या घडवणाऱ्यांत आणि त्याची डागडुजी करणाऱ्यांत बायका फार होत्या. त्यातली पहिली ग्रेस हॉपर.

ग्रेसबाईंचा जन्म 1906 चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्कचा. लहानपणी घरातली गजराची घड्याळं खोलून बसायच्या. एक खोललं, परत जोडता येईना, म्हणून दुसरं खोललं, अशी सात घड्याळं झाली. पुढे गणितात 1934 साली डॉक्टरेट मिळवली. मुलींच्या व्हासर कॉलेजात त्या शिकवत. दुसऱ्या महायुद्धात त्यांना नौदलात जायचं होतं. वय सदतीस, आणि वजन नियमापेक्षा सहा-सात किलो कमी. खास परवानगी काढून त्या भरती झाल्या. 1944 साली त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात मार्क वन नावाच्या यंत्रावर झाली. एकावन्न फूट लांब आणि आठ फूट उंच, म्हणजे आपल्या गावच्या शाळेचे दोन वर्ग जोडले तर त्यात मावेल न मावेल असं धूड.

या यंत्राला हुकूम द्यायचे ते भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. एक भोक चुकलं की उत्तर चुकलं. मग काय करायचं? चुकीच्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि योग्य जागी नवं भोक पाडायचं. अशी ठिगळं लावलेली मार्क वनची पट्टी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवली आहे. आजही संगणकवाले छोट्या दुरुस्तीला 'पॅच' म्हणतात, म्हणजे ठिगळच.

तिथली एक गोष्ट फार सांगितली जाते. 9 सप्टेंबर 1947 ला मार्क टू या पुढच्या यंत्राच्या आत एक पतंग, म्हणजे दिव्यावर येतो तो किडा, अडकलेला सापडला. तो कामाच्या वहीत चिकटवून ठेवला आणि खाली लिहिलं की खराखुरा किडा सापडला. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची, म्हणून तर तो विनोद झाला. गोष्ट गमतीची आहे, पण मला त्यापेक्षा त्यांची दुसरी एक वही महत्त्वाची वाटते.

असं व्हायचं की एकदा कोणी एखादं गणित यंत्राला नीट समजावलं, आणि ते बरोबर चाललं, की त्याचे हुकूम वहीत उतरवून ठेवायचे. पुढे कोणाला तेच गणित लागलं की त्या वहीतून आपल्या कामात नकलून घ्यायचं. जसं आपण जुन्या अर्जावरून नवा अर्ज लिहितो. पण नक्कल करताना दोन जागी हमखास घोटाळा होई. एक, उतरवताना अक्षर चुकायचं. दुसरं, वहीतले खण शून्यापासून मोजलेले असत, आपल्या कामात ते मध्येच कुठेतरी येणार, म्हणून प्रत्येक नंबरात ठरावीक आकडा मिळवावा लागे. गणिताच्या पंडितांच्याही या बेरजा चुकत. ग्रेसबाईंच्या मनात आलं, की न कंटाळता नक्कल करणं आणि बेरीज करणं हे तर यंत्राचंच काम आहे. आपण कशाला करतोय?

युद्धानंतर 1949 साली त्या फिलाडेल्फियात युनिव्हॅक नावाचा संगणक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. तिथे बेटी होल्बर्टन होत्या. एनिॲक या आधीच्या यंत्रावर काम केलेल्या सहा बायकांपैकी त्या एक. यादी क्रमाने लावण्याचा प्रोग्रॅम यंत्राकडूनच लिहून घेता येतो, हे बेटीबाईंनी करून दाखवलं होतं. ग्रेसबाई पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या की ही वाट मला बेटीने दाखवली. अशी नोंद ठेवणारी माणसं थोडी.

मग ग्रेसबाईंनी चाललेले सगळे तुकडे फितीवर साठवले, प्रत्येकाला नंबर दिला, आणि असा प्रोग्रॅम लिहिला की तुम्ही फक्त नंबर सांगायचे. तुकडे शोधणं, नक्कल करणं, बेरजा करून जागा लावणं हे यंत्र करील. त्याचं नाव ए-झीरो. 1952 च्या मे महिन्यात त्यांनी यावर निबंध वाचला.

त्यातली एक अडचण त्यांनी कशी सोडवली ते ऐकण्यासारखं आहे. यंत्र हुकूम एकामागून एक लावत जातं. मध्येच हुकूम येतो, "पुढच्या अमुक पायरीवर उडी मार." आता पुढची पायरी अजून लावलीच नाही, तिचा पत्ता कुठून द्यायचा? ग्रेसबाई कॉलेजात बास्केटबॉल खेळत. तेव्हाच्या मुलींच्या खेळात चेंडू एकदाच आपटता येई. म्हणून चेंडू मैत्रिणीकडे टाकायचा, आपण पुढे पळायचं आणि तिच्याकडून परत घ्यायचा. त्यांनी तेच केलं. यंत्राच्या एका कोपऱ्यात मोकळी जागा ठेवली. उडीचा हुकूम आला की तिथे पाठवायचं. पुढे ती पायरी लागली की कोपऱ्यात तिचा पत्ता लिहून टाकायचा.

काम तयार झालं, पण कोणी वापरीना. संगणक आकडेमोड करतो, तो स्वतः प्रोग्रॅम कसा लिहील, असं लोक म्हणत. त्यांनी थांबायचं नाव घेतलं नाही. ए-वन केला, मग 1953 साली ए-टू. हा ए-टू त्यांनी गिऱ्हाइकांना दिला तो आतल्या सगळ्या मांडणीसकट, आणि सोबत सांगितलं की चुका दिसल्या, सुधारणा सुचल्या तर आम्हाला कळवा. मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते. आपली वही दुसऱ्याच्या हातात देऊन "तपास" म्हणायला धीर लागतो. सचिव ताईंना विचारा!

पुढे त्यांना वाटलं की हुकूम साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता यावेत, म्हणजे हिशोबाचं काम करणाऱ्या माणसालाही ते वाचता येतील. वरिष्ठांना दाखवताना त्यांनी तोच प्रोग्रॅम इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. यंत्राला काय, कुठलाही शब्द म्हणजे एक खूण. ती मराठी असती तरी चाललं असतं. पण वरिष्ठ बिथरले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच, जर्मन कळतंच कसं? आम्ही इंग्रजीच ठेवू, असं समजावण्यातच त्यांचे काही महिने गेले. त्यातून फ्लो-मॅटिक आली, आणि तिच्या आधाराने 1959-60 मध्ये कोबोल ही कामकाजाची भाषा. सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना चालेल अशी एक भाषा हवी, ही मागणी आधी मेरी हॉज यांनी लावून धरली होती. घडवणाऱ्यांत जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी होत्या. 1960 च्या डिसेंबरात एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला.

याच काळात आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने शास्त्रज्ञांसाठी फोरट्रान ही भाषा आणि तिचा कंपायलर केला. त्या गटात लोइस हेब्ट ही एक बाई होती, व्हासर कॉलेजचीच. 1957 च्या एप्रिलमध्ये पिट्सबर्गजवळच्या एका अणुभट्टीच्या प्रयोगशाळेत टपालाने दोनेक हजार कार्डांचा गठ्ठा आला. ना चिठ्ठी, ना नाव. तिथल्या लोकांनी अंदाज केला की हा फोरट्रानच असणार, आणि एक प्रोग्रॅम देऊन पाहिला. दुभाष्याने पहिल्याच झटक्याला सांगितलं की तुमचा एक स्वल्पविराम राहिला आहे. खरंच राहिला होता. पण दुभाष्यातही दोष होतेच. पुढचे कित्येक महिने ठिकठिकाणहून तक्रारी येत राहिल्या आणि दुरुस्त्या पाठवल्या जात राहिल्या.

त्याच उन्हाळ्यात आयबीएममध्ये फ्रान्सिस ॲलन नोकरीला लागल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पेरू नावाच्या गावी दुधाच्या धंद्याच्या शेतावर वाढलेल्या, सहा भावंडांत थोरल्या. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर होतं. ते फिटेपर्यंत नोकरी करायची आणि परत शाळेत गणित शिकवायला जायचं, असं ठरवून आल्या होत्या. पहिलं काम मिळालं ते शास्त्रज्ञांना फोरट्रान शिकवण्याचं. शिकवायचं तर आधी आपल्याला कळायला हवं, म्हणून त्या कंपायलरची आतली मांडणीच वाचत बसल्या. तिथे त्यांचं मन लागलं. कर्ज फिटलं, पण त्या राहिल्या पंचेचाळीस वर्षं.

त्यांनी दुभाष्याला काटकसर शिकवली. समजा वीस जणींचं व्याज काढायचं आहे. प्रत्येक वेळी दराला शंभराने भागायचं, की एकदाच भागून ते उत्तर वीसदा वापरायचं? हुशार बाई एकदाच भागते. लिहिणारीने वीसदा लिहिलं असलं तरी कंपायलरने ते ओळखावं आणि एकदाच करावं, पण उत्तर पैशानेही बदलू नये. ही ओळखण्याची शिस्त फ्रान्सिसबाईंनी शास्त्रात बसवली. संगणकशास्त्रात मानाचा समजला जातो तो ट्युरिंग पुरस्कार 1966 पासून दिला जातो. 2006 सालचा तो फ्रान्सिसबाईंना मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. पहिल्या बाईपर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली.

इकडे ग्रेसबाई 1966 मध्ये नौदलातून निवृत्त झाल्या होत्या. दुसऱ्याच वर्षी त्यांना परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी म्हणून. नौदलात वेगवेगळ्या कंपन्यांचे कोबोलचे कंपायलर होते आणि प्रत्येकाचं वागणं थोडं वेगळं. त्यांच्या गटाने परीक्षेचे प्रोग्रॅम लिहिले: उत्तर आधीच माहीत आहे, आता तुझा दुभाष्या काय सांगतो ते बघू. गावचा काटा खरा आहे का ते माहीत वजन टाकून बघतात ना, तसं. या कामात नाव होण्यासारखं काही नव्हतं. सहा महिन्यांचे त्यांचे जवळजवळ वीस वर्षं झाले. 1986 साली त्या रिअर ॲडमिरल म्हणून नौदलातून बाहेर पडल्या, तेव्हा वय एकोणऐंशी. 1992 च्या पहिल्या दिवशी त्या गेल्या.

आपला याच्याशी संबंध आला तो 1998-99 च्या सुमारास. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. 2000 साल उजाडलं की यंत्र 1900 समजणार, ही भीती. तेव्हा मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांत आपल्याच मुलामुलींनी परदेशी बँका आणि विमा कंपन्यांचे असे प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचून सुधारले. वर्ष सुरळीत उजाडलं. मग काही लोक म्हणाले, उगाच घाबरवलं होतं. धरण फुटलं नाही म्हणजे भिंतीची डागडुजी फुकट गेली, असं म्हणण्यासारखं ते.

एवढं होऊनही दुभाषे आज निर्दोष आहेत का? 2011 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी एक युक्ती केली. यंत्राकडूनच वेडेवाकडे प्रोग्रॅम लिहवून घेतले, एकच प्रोग्रॅम अनेक कंपायलरना दिला आणि उत्तरं ताडून पाहिली. आपण रोकड तिघींकडून मोजून घेतो, तसं. दोघींची दोन हजार चारशे आणि एकीची दोन हजार तीनशे आली की तिची परत मोजायची. तीन वर्षांत त्यांना सव्वातीनशेच्या वर दोष सापडले. तपासलेल्या प्रत्येक कंपायलरने कुठे ना कुठे गुपचूप चुकीचे हुकूम तयार केलेले होते. गुपचूप म्हणजे यंत्र अडलं नाही, तक्रार केली नाही, फक्त उत्तर चूक. त्यातले कितीतरी दोष फ्रान्सिसबाईंच्या त्या काटकसरीच्या भागातले. दोनदा करायचं काम एकदा करायला जावं, आणि ते दोन नसून वेगळंच असावं.

हे दोष ज्यांनी कळवले आणि ज्यांनी बुजवले, त्यांची नावं आपल्याला कधी ऐकू येणार नाहीत. "दुरुस्ती केली, सुधारणा केली" एवढीच ओळ येते. सचिव ताई, तुम्ही वाचली तीच ओळ.

तेव्हा अपडेट करा. फक्त बैठकीच्या दिवशी सकाळी करू नका. आदल्या रात्री फोन चार्जिंगला लावून, रेंज असेल तिथे करा, आणि मग वहीतली शिल्लक नि फोनमधली शिल्लक एकदा शेजारी ठेवून बघा. फरक आला तर आकडा खोडू नका. पडद्याचा फोटो काढून ठेवा, तारीख लिहा आणि ॲपवाल्यांना कळवा.