सैतान मासा की देवमासा?

आपण ज्याला देवमासा म्हणतो, त्याच्या एका जातीला अमेरिकन शिकारी ‘सैतान मासा’ म्हणत. करडे देवमासे हिवाळ्यात मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातील खाजणांत पिल्लांना जन्म देतात. १८५७-५८ साली कॅप्टन स्कॅमन तेथे शिकारीसाठी शिरला. पिल्लांना वाचवण्यासाठी माद्या होड्यांवर धडका देत. त्यावरून हे नाव पडले!

१९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर त्यांना संरक्षण मिळाले. १९५५ मध्ये सॅन दिएगोत चक चेंबरलिन एक डॉलर घेऊन लोकांना होडीतून देवमासे दाखवू लागला. १९७२ मध्ये तर सान इग्नासिओ खाजणात एक देवमासा मायोरल नावाच्या कोळ्याच्या होडीपाशी आपणहून आला. त्याने भीत भीत हात लावला. धडक बसली नाही.

प्राणी तोच होता. मग एखाद्या प्राण्याला ‘हिंस्र’ ठरवताना, होडीत हार्पून होता का, हे आपण आधी विचारायला नको का?