कारंजा लाड : दत्तभक्तांचं, पोथ्यांचं आणि कापसाचं एकच गाव

‘कारंजा’ एवढंच सर्च केलं तर आधी पाण्याचा फवारा दिसतो. मग उरणजवळचं समुद्रकाठचं कोळ्यांचं कारंजा येतं, त्यानंतर वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, वऱ्हाडात असलेलं चौथं कारंजा हवं असेल तर नावापुढे ‘लाड’ जोडावं लागतं.

वाशीम जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साठ हजारांच्या वर होती. कारभार नगरपरिषदेकडे आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि कारंजा नव्या जिल्ह्यात आलं. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत आणि गॅझेटियरमध्ये हे गाव शोधायचं असेल तर ‘अकोला जिल्हा’ याखाली बघावं लागतं.

गाव मध्यम आकाराचं, पण महाराष्ट्राच्या इतिहासात ते वेगवेगळ्या दारांनी येत राहतं. गंमत म्हणजे एका दाराने येणाऱ्याला बाकीच्या दारांची सहसा कल्पना नसते.

नाव कुठून आलं?

करंज ऋषींनी इथे तप केलं आणि त्यांच्यावरून गावाला नाव पडलं, अशी आख्यायिका आहे. गावातला ऋषी तलाव त्याच कथेशी जोडला जातो. ‘लाड’ हे नाव इथे स्थायिक झालेल्या लाड मंडळींवरून पडलं, असं सांगतात. लाड म्हणजे मूळचे लाट देशातले, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातकडचे व्यापारी. याचा अर्थ गावाच्या नावातच बाहेरून आलेला व्यापार आहे.

जुन्या गावाला कोट होता आणि चार वेशी होत्या. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. दारव्हा, मंगरूळ आणि पोहा ही आसपासची गावं. दिल्ली मात्र हजार किलोमीटरवर. ज्या गावाच्या वेशीला थेट दिल्लीचं नाव मिळतं, त्या गावातून काय प्रतीची ये-जा होत असेल याचा अंदाज येतो.

कस्तुरीची हवेली आणि चार हजार जनावरांवर लादलेली लूट

कारंजाच्या श्रीमंतीची एक गोष्ट गावात अजून सांगितली जाते. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून आला. एवढा माल एकट्याने घेईल असा कोणी इथे आहे का, असं त्याने विचारलं. लेकूर संघई नावाच्या सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि चालू असलेल्या घराच्या बांधकामात, चुन्यात कालवून टाकली. ते घर ‘कस्तुरीची हवेली’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ही झाली आख्यायिका.

पण ही श्रीमंती खरीच होती, याचा पुरावा शिवकाळात सापडतो. सुरतेची दुसरी लूट झाली ऑक्टोबर १६७० मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस मराठी फौजा मोगलांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात घुसल्या आणि त्यांनी कारंजा लुटलं. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी दिलेल्या माहितीनुसार उंची कापड, सोनं आणि चांदी मिळून सुमारे एक कोटी रुपयांचा ऐवज हाती लागला. तो चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेण्यात आला. खंडणीसाठी गावातले धनिक पकडले गेले. त्यातला सगळ्यात बडा असामी तेवढा निसटला, तोही बाईचं लुगडं नेसून. मराठी फौजा बायकांना हात लावत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

सुरतेच्या लुटीची तारीख शाळेत पाठ करून घेतात. दोन-तीन महिन्यांनी झालेल्या कारंजाच्या लुटीचं नाव मात्र फारसं कानावर येत नाही.

गुरुचरित्रातलं करंजनगर

महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या दत्तभक्तांसाठी कारंजा म्हणजे श्री नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान. दत्तसंप्रदायात त्यांना श्रीपाद श्रीवल्लभांनंतरचा दत्तावतार मानतात. त्यांचा जन्म परंपरेने १३७८ च्या सुमाराचा धरला जातो. वडील माधव, आई अंबा.

गुरुचरित्रातली कथा अशी. बाळ जन्मतःच ॐकार बोललं, पण त्यानंतर मुंज होईपर्यंत एक शब्दही बोललं नाही. मुंजीत आईने भिक्षा घातली आणि मुलाने वेद म्हणायला सुरुवात केली. पुढे काशीला जाऊन त्यांनी संन्यास घेतला. औदुंबर, नरसोबाची वाडी आणि गाणगापूर ही त्यांच्या वास्तव्याने मोठी झालेली ठिकाणं.

वाडी आणि गाणगापूरला शतकानुशतकं गर्दी होत राहिली, कारंजाचं जन्मस्थान मात्र बराच काळ विस्मरणात गेलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांनी ग्रंथातलं करंजनगर ते हेच असं दाखवून दिलं. त्यानंतर ब्रह्मानंद सरस्वती लीलादत्त यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये गुरुमंदिर उभं राहिलं. आज गावात बाहेरून येणाऱ्यांत सर्वात जास्त संख्या याच मंदिरात येणाऱ्यांची असते.

एका गावात तीन भट्टारक पीठं

गुरुमंदिराइतकीच महत्त्वाची कारंजाची दुसरी बाजू म्हणजे इथली दिगंबर जैन परंपरा. भट्टारक म्हणजे मठाधिपती. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन शाखांची पीठं आणि मंदिरं या एकाच गावात होती. (‘बलात्कारगण’ हे शाखेचं जुनं नाव आहे. त्याचा आजच्या शब्दाशी संबंध नाही.) काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडावरचं कोरीव काम आवर्जून बघण्यासारखं आहे.

व्यापाऱ्यांनी देणग्या दिल्या, भट्टारकांनी पोथ्या लिहवून घेतल्या आणि जपल्या. मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षं ही हस्तलिखितं बांधून ठेवलेली होती. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली गेली. तिच्यामुळे कारंजातला हा ठेवा अभ्यासकांच्या नजरेत आला.

मग कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली. १९३१ मध्ये परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केलेलं ‘जसहरचरिउ’ आलं. हे दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचं अपभ्रंश काव्य. त्यापाठोपाठ अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे प्रा. हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ (१९३३) आणि ‘करकंडचरिउ’ (१९३४) संपादित केली. नाव सारखं असलं तरी रायबहादूर हिरालाल वेगळे. ‘करकंडचरिउ’मध्ये तेरापूरच्या लेण्यांचं वर्णन येतं आणि ती धाराशिवची लेणी असल्याचं हिरालाल जैन यांनी मांडलं.

याचं महत्त्व काय? प्राकृत आणि आजच्या मराठी, हिंदी, गुजराती या भाषा यांच्यामधला टप्पा म्हणजे अपभ्रंश. एकेकाळी या टप्प्यातलं साहित्य जवळपास हरवलंच आहे असं वाटत होतं. ते पुन्हा हाती आलं, त्यात कारंजाच्या भांडारांचा मोठा वाटा आहे.

शकुंतला गेली, समृद्धी आली

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि इथल्या कापसाला मँचेस्टरची वाट मिळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ असा ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग टाकला. कारंजा याच मार्गावर आहे. कापूस या गाडीने मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या लाइनने मुंबईला आणि पुढे बोटीने इंग्लंडला जायचा.

हीच ती ‘शकुंतला’. मँचेस्टरमध्ये १९२१ ला तयार झालेलं वाफेचं इंजिन तिला १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होतं. नंतर डिझेल इंजिन आलं आणि पुढे गाडीच बंद पडली. स्वस्तात तालुक्याला, बाजाराला जाणाऱ्या माणसांची सोय गेली. हा मार्ग ब्रॉडगेज करावा ही मागणी जुनीच आहे.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि कारंजाला इंटरचेंज मिळाला. मोठा रस्ता पुन्हा गावाजवळून जाऊ लागला. फरक इतकाच, की पूर्वीचा तांडा वेशीतून आत येऊन मुक्काम करायचा, आजची गाडी १२० च्या वेगाने बाहेरूनच निघून जाते. इंटरचेंजला उतरायला माणसांकडे कारण असलं, तरच या रस्त्याचा गावाला फायदा.

याच परिसरात कारंजा–सोहोळ हे काळविटांचं अभयारण्य आहे. क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस किलोमीटर. काळवीट गवताळ माळावर मोकळं पळणारं जनावर. कुंपण घातलेल्या महामार्गाशेजारी त्याची ये-जा कितपत मोकळी राहते, हा इथला आजचा प्रश्न आहे.

जायचं असेल तर

रेल्वेने यायचं तर मुंबई–नागपूर मार्गावरचं मूर्तिजापूर स्टेशन जवळचं, पुढे रस्त्याने. गुरुमंदिर आणि तिन्ही जैन मंदिरं एका दिवसात आरामात पाहून होतात. जुन्या गावात फिरताना वेशींची चौकशी करावी. दिल्ली वेस कुठे आहे, हे कोणीही दाखवेल.