ई. श्रीधरन आणि कोकण रेल्वे : सुरक्षिततेचा इतिहास

रायपूर हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील महत्त्वाचे स्थानक आहे. छत्तीसगडच्या मैदानातून रूळ टाकणे आणि कोकणच्या डोंगर-खाड्यांतून टाकणे यांत मोठा फरक आहे. स्थापत्य अभियंत्याची जबाबदारी नेमकी कोठे संपते, हे या फरकातून आपण समजून घेऊ.

ई. श्रीधरन (जन्म १९३२) यांचे नाव प्रथम गाजले ते पांबन पुलामुळे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात तो मोडला. दुरुस्तीसाठी सहा महिने लागतील असा अंदाज होता. समुद्रात पडलेले गर्डर बाहेर काढून त्यांनी ते काम ४६ दिवसांत पूर्ण केले.

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची सूत्रे त्यांच्याकडे आली. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग होता. त्यावर नव्वदहून अधिक बोगदे खोदावे लागले. करबुडेचा बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. रत्नागिरीजवळील पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मात्र मऊ माती वारंवार ढासळत राहिली. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

परंतु रूळ टाकून झाले म्हणजे मार्ग सुरक्षित झाला, असे नाही. श्रीधरन कोकण रेल्वेतून बाहेर पडल्यानंतर, जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये महाडनजीक आंबवली येथे दरडी व दगड रुळांवर आल्याने भीषण अपघात झाले. दोन्ही अपघात पावसाळ्याच्या तोंडावर झाले, हे लक्षात घ्या. त्यानंतर डोंगरउतारांवर जाळ्या बसवणे, कटिंगचे उतार सौम्य करणे, गस्त वाढवणे आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणे यांवर भर दिला गेला. त्यासाठी आजही पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक असते.

जुलै २००९ मध्ये दिल्ली मेट्रोच्या जमरूदपूर येथील बांधकामात पुलाचा भाग कोसळून जीवितहानी झाली. प्रमुख या नात्याने श्रीधरन यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही. पण जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही.

आता तुमच्या गावाजवळचा एखादा पूल किंवा घाट आठवा. पावसाळ्यापूर्वी त्याची तपासणी कोण करते, याचा शोध घ्या. तो इतिहासही लिहिण्याजोगा आहे.